पटायाची सीट की क्रेडिट नोट?



मागच्या व्हिडिओत आपण दुकानाच्या पहिल्या वर्षाचा खर्च मांडला. भाडं, डिपॉझिट, फर्निचर, परवाना, पहिला माल, पोराचा पगार. एक खर्च मी त्यात मुद्दाम घेतला नव्हता, कारण त्यावर दोन मिनिटं बोलून भागत नाही. हा खर्च कुणाच्याच वहीत सापडत नाही. उलट तो बक्षीस म्हणून येतो, आणि येतो तेव्हा घरात पेढे वाटले जातात. कंपनीची फॉरेन टूर!

तुमच्यापैकी जे कृषी केंद्र, हार्डवेअर, पेंट, टायर, सिमेंट किंवा इलेक्ट्रिकलचं दुकान टाकायच्या तयारीत आहेत, त्यांना ही ऑफर पहिल्या दोन-तीन वर्षांत येणारच. कंपनीचा माणूस काउंटरवर चहा पिता पिता मोबाईल पुढे करतो. निळं पाणी, पांढरी वाळू, पॅराशूटला लटकलेला माणूस. "दादा, या खेपेला एवढं उचला, एक सीट तुमची." बँकॉक-पटाया, चार रात्री पाच दिवस. कधी बाली, कधी फुकेत, कधी अंदमान. टार्गेट लहान असेल तर गोवा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वेळ वाचेल. समुद्र बघायला जरूर जा. पण ज्या सीटसाठी गरजेपेक्षा जास्त माल उचलावा लागतो, त्या सीटवर बसू नका. त्याऐवजी क्रेडिट नोट मागा आणि समुद्र आपल्या पैशाने बघा.

"सर, तुम्हाला काय जातंय बोलायला? आमच्या पोरानं विमान कधी बघितलं?" असं एक काका मला हिंगोलीच्या कार्यशाळेत म्हणाले होते. त्यांचा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. आपल्या जिल्ह्यात सिद्धेश्वर आणि इसापूर धरणाचं पाणी सोडलं तर एवढं पाणी एकत्र कुठे बघायला मिळतं? सेनगाव किंवा कळमनुरी तालुक्यातल्या पोराला पहिला पासपोर्ट, पहिलं विमान आणि पहिला समुद्र एकाच आठवड्यात मिळतो, ही लहान गोष्ट नाही. कंपनीला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. रत्नागिरीच्या दुकानदाराला समुद्र दाखवून काय होणार? जिथे समुद्र नाही तिथेच तो विकला जातो.

आता त्या बेटाबद्दल बोलू. डीलर टूरच्या अल्बममध्ये हमखास दिसणारं बेट म्हणजे कोरल आयलंड. त्याचं तिथलं नाव को लान. पटायाच्या किनाऱ्यापासून साधारण ७ किलोमीटरवर आहे. बाली हाय नावाच्या धक्क्यावरून साधी फेरी बोट सुटते, तिला पाऊण तास लागतो आणि तिचं तिकीट कित्येक वर्षं ३० बाटच्या आसपास राहिलंय, म्हणजे आपले शंभर रुपयेसुद्धा नाहीत. टूरवाले मात्र स्पीडबोटने नेतात. १५-२० मिनिटांत खेळ संपतो आणि पाठीचे मणके मोजता येतात. भारतीयांना थायलंडने १० नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसा माफ केला, तेव्हापासून कंपन्यांचं काम आणखी सोपं झालं. पासपोर्ट असला की माणूस निघाला.

मी तिथे एका डीलर ग्रुपबरोबर गेलो होतो, ट्रेनर म्हणून. माझं सत्र दुसऱ्या दिवशी हॉटेलात होतं. बेटावर मला काहीच काम नव्हतं, त्यामुळे मी वाळूत बसून लोकांचे धंदे बघत होतो. सवय जात नाही.

पहिला धंदा बोटीत बसायच्या आधीच सुरू होतो. धक्क्यावर एक जण प्रत्येकाचा फोटो काढतो. विचारत नाही, पैसे मागत नाही. आपण समजतो, सुरक्षेसाठी असेल. दुपारी परत आलो की तोच फोटो फ्रेममध्ये किंवा प्लेटवर छापून समोर हजर. घ्या नाहीतर ठेवा. निम्मे लोक घेतात, कारण स्वतःचा चेहरा असलेली वस्तू मागे सोडून येणं माणसाला जड जातं. हा माणूस माल आधी बनवतो आणि गिऱ्हाईक नंतर गाठतो. पण बघा, त्याचा प्रत्येक नग एका ठराविक गिऱ्हाइकासाठी बनलेला आहे, आणि ते गिऱ्हाईक चार तासांत त्याच वाटेने परत येणार हे त्याला पक्कं माहीत आहे. मोंढ्यातल्या किती दुकानदारांना आपला माल कुणासाठी आणला हे असं नाव घेऊन सांगता येईल?

पुढे समुद्रातच एक तरंगता प्लॅटफॉर्म. तिथे पॅराशूट. पॅकेजमध्ये बोट येते, पॅराशूट येत नाही. पाण्याखाली हेल्मेट घालून चालायचं, ते वेगळं. बनाना राइड वेगळी. म्हणजे कंपनीने तुम्हाला दारापर्यंत आणून सोडलं, आत जायचे पैसे तुमचे. प्लॅटफॉर्मवर उभं राहिल्यावर "मी नाही करणार" म्हणायला धाडस लागतं, कारण बाकी तीसजण बघत असतात. आमच्या ग्रुपमध्ये दोघांनीच नाही म्हटलं. त्यातले एक होते औंढ्याकडचे, वय साठच्या पुढे. ते म्हणाले, "मला वर जायची घाई नाही." सगळे हसले आणि त्यांचे पैसे वाचले.

मग तावेन बीच. सगळ्यात गर्दीचा. वाळूवर खुर्च्यांच्या रांगा आणि वर छत्र्या. खुर्चीचे साधारण १०० बाट. नारळाचे वेगळे. गोड्या पाण्याने अंघोळ करायची तर तिचे वेगळे, बाथरूमचेही वेगळे. समुद्र फुकट आहे, बाकी काहीच फुकट नाही. आणि प्रत्येक पैसा आधी! बसण्याआधी, भिजण्याआधी, नारळाला कोयता लागण्याआधी.

इथे मला जी गोष्ट दिसली ती मी गेली दोन वर्षं प्रत्येक बॅचला सांगतो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर जो डीलर होता, त्याच्या दुकानात उधारीच्या तीन वह्या आहेत. त्याने स्वतः सांगितलं. गावाकडे तो माणूस तीस-चाळीस हजारांचा माल "बघू सोयाबीन निघाल्यावर" एवढ्या शब्दावर देतो. तोच माणूस त्या बेटावर खुर्चीवर टेकण्याआधी शंभराची नोट काढून देत होता, आणि त्याला त्यात काहीही अपमान वाटत नव्हता. खुर्चीवालीलाही संकोच वाटला नाही. तिने हात पुढे केला, पैसे घेतले, खुर्ची झटकून दिली. भाषा एकमेकांची कळत नव्हती, तरी व्यवहार दहा सेकंदात झाला.

दुपारी तीन-साडेतीनला ग्रुप परत निघतात. नारळवालीची पेटी जवळजवळ रिकामी होती. पाच-सात नारळ उरले असतील. ती बेटावर राहून धंदा करते, तिला प्रत्येक नारळ बोटीने आणावा लागतो, म्हणून ती दिवसाला लागतात तेवढेच आणते. आणि तिच्यासमोर खुर्चीवर लोळत असलेल्या माझ्या तीस मित्रांनी तिथे यायला काय केलं होतं? विकला जाईल त्यापेक्षा जास्त माल गोदामात भरला होता.

आता वही काढा. खाली जे आकडे मांडतोय ते उदाहरण आहे, तुमच्या दुकानाचे आकडे तुम्ही भरा.

समजा तुमचं कृषी केंद्र आहे आणि एका कंपनीचा माल तुमच्याकडे हंगामात १६ लाखांचा जातो. स्कीम अशी की जूनअखेर २५ लाखांचा माल उचलला तर एक सीट. बाजारात तशा टूरची किंमत धरा ५० हजार. तुम्ही ९ लाखांचा जादा माल उचलता. पैसे कुठून? बँकेच्या सीसीतून, १२ टक्क्यांनी. तो माल जूनअखेरपासून ऑक्टोबरअखेरपर्यंत तुमच्याकडे किंवा उधारीत अडकतो. ९ लाखांवर ४ महिन्यांचं व्याज, ३६ हजार.

त्या ९ लाखांपैकी ६ लाखांचा माल कसाबसा जातो. मार्जिन ७ टक्के धरा, ४२ हजार कमावले. छान. उरलेला ३ लाखांचा माल हंगाम संपल्यावर दुसऱ्या गावच्या दुकानदाराला खरेदीपेक्षा १० टक्के कमी भावात देऊन टाकला, ३० हजार गेले. (हे नशीब चांगलं असेल तर. बियाण्याची वैधता संपली किंवा औषधाची एक्स्पायरी झाली तर तो माल देताही येत नाही, विकला तर गुन्हा होतो.) जो ६ लाखांचा माल गेला तो गेला कसा? उधारीवर. त्यातले दीड लाख या दिवाळीला येत नाहीत, पुढच्या दिवाळीपर्यंत लटकतात. त्याचं वर्षाचं व्याज १८ हजार. आणि त्यातलेही ३० हजार शेवटी बुडतात, कारण कुणाचं पीक गेलं, कुणी गाव सोडलं, कुणाशी भांडण झालं.

बेरीज करा. ३६ अधिक ३० अधिक १८ अधिक ३०, म्हणजे १ लाख १४ हजार. त्यातून कमावलेले ४२ हजार वजा करा. उरले ७२ हजार. ५० हजारांच्या टूरसाठी तुम्ही ७२ हजार मोजले, आणि पॅराशूटचे, खुर्चीचे, नारळाचे वेगळे.

अजून संपलं नाही, इन्कम टॅक्स राहिला. १ जुलै २०२२ पासून आयकर कायद्यात कलम १९४-आर आलं. धंद्याच्या संबंधातून कुणाला वर्षाला २० हजारांपेक्षा जास्त किमतीचा फायदा वस्तूच्या किंवा सोयीच्या रूपात मिळाला, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के टीडीएस भरायचा. टार्गेट पूर्ण केलं म्हणून दिलेली सहल यात येते, हे आयकर खात्याने जून २०२२ च्या परिपत्रकात उदाहरणासकट सांगितलंय. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांची मांडणी बदलली आहे, तेव्हा नंबर तुमच्या सीएला विचारा, पण गोष्ट तीच. याचा अर्थ तुमची टूर तुमच्या पॅनवर दिसते आणि ते ५० हजार तुमचं धंद्याचं उत्पन्न धरलं जातं. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १० हजार कर. ७२ चे झाले ८२. खिशात एक रुपया न येता, समुद्रात केलेल्या अंघोळीवर तुम्ही कर भरला.

आणि त्याच परिपत्रकात दुसरी एक ओळ आहे जी तुमच्या कामाची आहे. मालाच्या किमतीत दिलेली सूट, कॅश डिस्काउंट आणि रिबेट यांना या टीडीएसमधून बाहेर ठेवलंय. म्हणून मी क्रेडिट नोट म्हणतोय. ती तुमच्या खात्यात जमा होते, पुढच्या बिलातून वजा होते, भांडवल वाढवते. नफा वाढल्यावर त्यावरचा कर भरावाच लागेल, पण तो हातात आलेल्या पैशावर भरायचा.

पैशाचा भाग झाला. आता जो भाग मला जास्त टोचतो तो सांगतो.

टार्गेट दुकानदाराच्या गळ्यात पडतं, पण तो ते स्वतः गिळत नाही, पुढच्याच्या ताटात वाढतो. जूनमध्ये पाऊस पडला की शेतकरी युरियाला येतो. ४५ किलोची गोणी, सरकारी किंमत २६६ रुपये ५० पैसे. त्यात दुकानदाराला फारसं काही सुटत नाही, हे खरं आहे. मग काय होतं? "युरिया आहे, पण ही झिंकची पिशवी घ्यावी लागेल." "डीएपी मिळंल, सोबत हे टॉनिक घ्या." याला लिंकिंग म्हणतात. लिंकिंगला बंदी आहे, त्यावरून परवाना निलंबित होतो, आणि दर खरिपात आपल्याकडे त्याच तक्रारी असतात. त्या टॉनिकची बाटली शेतकऱ्याच्या गळ्यात का मारली जाते? कधी कधी वरूनच माल जोडून येतो, त्यात दुकानदाराचाही नाइलाज असतो, मान्य आहे. पण कित्येक वेळा कारण एवढंच असतं की सीटला अजून सव्वा लाखाचं लिफ्टिंग कमी पडतंय.

आणि मग फेब्रुवारीत व्हॉट्सॲपवर स्टेटस पडतो. गॉगल, हाफ पँट, हातात नारळ, मागे निळं पाणी. हा स्टेटस कोण बघतं? तुमचा नंबर ज्यांच्याकडे आहे ते सगळे. म्हणजे ज्याला झिंकची पिशवी मारली तो, ज्याच्याकडे वसुलीचा फोन गेल्या आठवड्यात केला तो, आणि ज्याची हळद अजून शिजवून वाळत पडली आहे तो. जवळा बाजारच्या पारावर त्याची काय चर्चा होते ते मी इथे लिहित नाही. तुम्हाला माहीत आहे. "आपल्याच पैशावर" हे दोन शब्द त्यात येतात. त्यानंतर एप्रिलमध्ये हळद विकून आलेला माणूस तुमची उधारी सगळ्यात शेवटी देतो. वसुली फक्त वहीवर होत नाही हो, ती तुमच्याबद्दल गावाला काय वाटतं त्यावरही होते.

अजून एक. सीट एकच असते. आपल्याकडे कित्येक दुकानांमध्ये काउंटर बाई सांभाळते. नवरा माल आणायला गेला, शेतावर गेला, की बिलं तीच करते, उधारी तीच लिहिते. काही ठिकाणी तर परवाना किंवा जीएसटी तिच्या नावावर आहे. टार्गेट दोघांनी मिळून पूर्ण केलं आणि पटायाला गेला एकटा तो. पाच दिवस दुकान तिने चालवलं, शिवाय शाळा, जनावरं, सासू-सासरे. मी ज्या ग्रुपबरोबर गेलो त्यात एकही महिला नव्हती. एका डीलरला मी विचारलं, वहिनींना का नाही आणलं? तो म्हणाला, "सर, त्यांची सीट नसती." आणि वर हसत, "आणि असती तरी इथं कशाला आणायचं?" त्यावर मी काय बोलणार? पटायाची ख्याती त्याला माहीत होती आणि मलाही.

मला या विषयावर विरोधात सांगणारे चांगले, जुने दुकानदार भेटतात. त्यांचं म्हणणं असं की टूरमध्ये ओळखी होतात. दुसऱ्या जिल्ह्यातले डीलर भेटतात, कुठला माल कुठे चालतो ते कळतं, कंपनीच्या वरच्या साहेबाशी थेट बोलता येतं. टंचाईच्या वेळी तीच ओळख कामाला येते. यात तथ्य आहे. डीएपीची गाडी कुणाकडे आधी उतरते हे ओळखीवरही ठरतं. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्यांचा माल मुळातच टार्गेटएवढा जातो, त्यांनी खुशाल जावं. १६ लाखांचा धंदा करणाऱ्याने २५ ची स्कीम घेऊ नये, पण २४ लाखांचा धंदा करणाऱ्याने घेतली तर मी काही म्हणणार नाही. त्याला ती टूर खरंच बक्षीस आहे. नवीन दुकानदाराचा मूळ आकडाच ठरलेला नसतो. पहिल्या वर्षी किती माल जाईल हे त्याला माहीत नसतं, कंपनीच्या माणसालाही नसतं. त्या अंधारात टार्गेट घेणं मला पटत नाही.

मग कंपनीच्या माणसाशी बोलायचं कसं? भांडायचं नाही. त्या पोरालाही वरून टार्गेट आहे आणि त्याचा पगार त्यावर अडकलेला आहे. त्याला चहा पाजा आणि चार गोष्टी लेखी मागा, व्हॉट्सॲपवर चालेल. स्कीममध्ये सीटची किंमत किती धरली आहे? सीट नको असेल तर तेवढ्याची क्रेडिट नोट मिळेल का? न गेलेला माल परत घेणार का, कधीपर्यंत आणि किती टक्के? टीडीएस कोण सोसणार? या चार प्रश्नांवर तो माणूस जरा सरळ बसतो. काही कंपन्या क्रेडिट नोट देतात, काही थोडी कमी किंमत लावून देतात, काही सरळ नाही म्हणतात. नाही म्हटलं तर तुमच्या नेहमीच्या विक्रीएवढाच माल घ्या आणि त्यावरचा साधा डिस्काउंट घ्या. माल परत घेण्याबद्दल जो नुसतं "होऊन जाईल दादा" म्हणतो, त्याची बदली पुढच्या हंगामाच्या आत होते हे लक्षात ठेवा. नवीन आलेला माणूस म्हणतो, मला काही माहीत नाही.

पेंट आणि टायरवाल्यांना एक्स्पायरीची भीती कमी, म्हणून त्यांना वाटतं हा हिशेब आपल्याला लागू नाही. लागू आहे. फक्त तुमचा जादा माल सडत नाही, शेड बदलल्यावर आणि मॉडेल जुनं झाल्यावर पडून राहतो, आणि व्याज तर तेवढंच लागतं.

आता स्वतःच्या पैशाच्या समुद्राचं बोलू, कारण तो मी सुरुवातीला कबूल केलाय.

थायलंडच हवं असेल तर जा, दोघं जा, साठवून जा. पण पहिल्यांदा जाणार असाल तर मी मालवण सांगेन. नागपूर-कोल्हापूर एक्सप्रेस हिंगोली डेक्कनवरून जाते, रोज नसते, दिवस बघून घ्या. कोल्हापूरहून पुढे एसटीने घाट उतरायचा. मालवणच्या धक्क्यावरून बोटीने सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येतं. तेही बेटच आहे, कुरटे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी तिथे किल्ल्याचं काम सुरू केलं. पुढे तारकर्ली आणि देवबाग. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे वाळूचं एक छोटं बेट आहे, त्याला सगळे त्सुनामी आयलंड म्हणतात. २००४ च्या त्सुनामीत वर आलं असं नाववाले सांगतात. बनाना राइड आहे, जेट स्की आहे, पाण्यात पाय सोडून बसायची सोय आहे. कोरल आयलंडवर जे जे होतं ते इथे लहान आकारात आहे, आणि भाषा आपली आहे, म्हणजे प्रश्न विचारता येतात.

एक गोष्ट सांभाळा. पावसाळा लागला की किल्ल्याची बोट आणि पाण्यातले खेळ बंद होतात, ते ऑगस्ट संपेपर्यंत. कृषी केंद्रवाल्यांना हे सोयीचंच आहे, त्यांना जून-जुलैत मान वर करायला सवड नसते. जानेवारी ते मार्च जा. हॉटेलऐवजी तारकर्ली-देवबागला कुणाच्या घरी उतरा, तिथे कित्येक कुटुंबं दोन-चार खोल्या पाहुण्यांसाठी चालवतात. दोघांचा चार दिवसांचा खर्च, रेल्वे धरून, १५ ते २० हजारांत बसवता येतो. म्हणजे मघाच्या हिशेबातल्या ८२ हजारांत चार जोडपी जाऊन येतील.

रात्री जेवणं उरकली की घरमालकिणीशी बोला. वर्षातले किती महिने खोल्या भरतात, रिकाम्या महिन्यांत घर कशावर चालतं, मासे रोज किती घेते आणि उरले तर काय करते, बुकिंगला आगाऊ किती घेते आणि कुणी आलं नाही तर परत देते का, हे विचारा. माणसं मोकळी असतात, सांगतात. वहिनींना विचारू द्या, त्यांना जास्त सांगतील. आणि आपल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मिळालाय, तिची अर्धा-अर्धा किलोची चार पाकिटं बॅगेत टाकून न्या. तिथल्या स्वयंपाकघरात माशाला रोज हळद लागते. एक पाकीट वापरायला द्या, आणि निघायच्या दिवशी सकाळी भाव त्यांना विचारू द्या.